सहावा खण

बेल फोर्क, वायोमिंग
८ एप्रिल १९७९

प्रिय कॉरिन,

एका कोऱ्या कागदावर उजवा हात सपाट ठेव, बोटं थोडी मोकळी सोड, आणि पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढून तो कागद मला पाठव. एवढंच काम आहे. उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

मी डब्यांवर नेम धरण्यासाठी एक लहान रिव्हॉल्व्हर घेते आहे. बावीसचं, म्हणजे सगळ्यात बारीक गोळीचं. एकटी राहते म्हणून घाबरले असेन, असं इथे सगळ्यांना वाटतं. तसं काही नाही. तुझे बाबा गेल्यापासून शनिवारची दुपार मला कुठे ठेवावी हे कळत नाही. औषधांचं दुकान दुपारी बंद होतं, मी घरी येते आणि कोट न काढता बसून राहते.

डेल्मरच्या हार्डवेअरच्या दुकानात, मागच्या काचेच्या कपाटाशी तासभर होते. तो तसाच आहे. म्हणाला, "बावीस घेतेस? चोर आला तर गोळी लागून तो नुसता चिडेल."

"चोर नाही. डबे."

"मग ठीक. डबे चिडत नाहीत."

त्यानं पहिल्यांदा हलक्या धातूचं एक दाखवलं. उचलायला सोपं, पण नळी हातात थरथरते. ते परत दिलं. लांब नळीचं एक होतं, नेम चांगला पण पुढे झुकतं. शेवटी दोन उरली. दोन्ही पोलादी, दोन्ही लाकडी मुठीची, दोन्हींत चाप ओढण्याआधी दर वेळी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो. बाबांचं होतं तसं. मला दुसऱ्या तऱ्हेचं नकोच होतं. दर गोळीला आपण काय करतो आहोत ते आठवावं लागतं, हे मला बरं वाटतं.

दोन्हींत फरक एवढाच की एक नवं आहे आणि एक जुनं. जुनं कुणा रँचवाल्याचं, तो वारल्यावर डेल्मरकडे आलं. त्याचा घोडा ओढला की चार टिचक्या वाजतात. तुला तो आवाज माहीत आहे. आणि फिरत्या चक्रात खण सहा असले तरी त्यात पाचच काडतुसं भरायची. एक भरायचं, एक खण सोडायचा, चार भरायची, आणि घोडा रिकाम्या खणावर टेकवायचा. कारण जुन्यात घोड्याचं टोक सरळ काडतुसाला टेकतं, नुसता धक्का बसला तरी बार उडतो. नव्यात मधे एक पट्टी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय काही होत नाही. सहाही खण भरता येतात. आवाजही वेगळा, दोनच टिचक्या आणि त्या बारीक.

डेल्मर म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. महिनाभर वापर. नको असेल ते परत आण. खराब केलंस तर मी तुझ्या नवऱ्याच्या, व्हर्लच्या थडग्यावर जाऊन तक्रार करीन."

काल दोन्ही घेऊन खडीच्या खाणीत गेले. बाबांचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर जिथे उभा असायचा तिथे ट्रक लावला. डबे त्याच सपाट दगडावर मांडले. आधी जुनं. पाच गोळ्या, दोन डबे पडले. मग बाबा करायचे तसं सहाव्यांदा घोडा ओढून रिकाम्यावर चाप ओढला.

बार झाला.

माझा हात हलला नाही, कॉरिन. नळीतून धूर आला नाही. पण आवाज झाला आणि उजवीकडच्या टोकाचा डबा, ज्यावर मी नेम धरला नव्हता, मागे उडाला.

प्रतिध्वनी असेल. त्या खाणीत तो येतो. वाराही होता. हे मी का लिहिलं कळत नाही, पण आता पान खोडायचं नाही.

हाताचा कागद पाठव. मूठ तुझ्याही हाताला बसायला हवी.

आई


२२ एप्रिल

प्रिय कॉरिन,

ईस्टरला तुझा फोन आला हे मला फार बरं वाटलं. मी फोनवर नीट बोलत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते.

"आई, तुला दोन चष्मे आहेत. तू नेम कसा धरणार?" असं तू विचारलंस, तेव्हा मी "डबे मोठे घेईन" म्हणाले आणि तू हसलीस. तुझं हसणं मी नोव्हेंबरपासून ऐकलं नव्हतं.

पण नंतर तू जे म्हणालीस तेही मी ऐकलं. "मला हाताचं माप द्यायचं नाही. मला जे हवं होतं ते तू जमिनीत पुरलंस. माझ्या हातातला डबा बाबांनी ज्यानं उडवला ते. मी सात वर्षांची होते. जगात कुणाच्या बापानं असं केलंय?"  त्यांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या शवपेटीत ठेवावं असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, हे मी तुला चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या जेवणाआधी सांगणार होते. तू न जेवता निघून गेलीस. हॅम आणि बटाटे पुष्कळ उरले.

त्यांनी का सांगितलं हे आज लिहीत नाही.

रिव्हॉल्व्हरांचं सांगते. नवं मी तीन शनिवार वापरलं. नेम अगदी चांगला. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच दोन्ही स्पष्ट दिसतात, माझ्या दुसऱ्या चष्म्यातूनसुद्धा. सहा भरते, सहा उडवते, आणि मग खाण गप्प होते. पक्षीही बोलत नाहीत. मला त्या शांततेत उभं राहवत नाही. मग मी जुनं काढते.

जुन्यात पाच भरते. पाच झाल्यावर रिकाम्यावर चाप ओढते आणि दर वेळी बार होतो. माझ्या डाव्या हाताला, एका हाताच्या अंतरावर. बाबा तिथेच उभे राहायचे, माझ्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या त्यांच्या कॉलरमध्ये जाऊ नयेत म्हणून. या जातीच्या रिव्हॉल्व्हरातून पुंगळ्या उडत नाहीत, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. "तुझा भरवसा नाही" म्हणायचे.

काल मी त्या जागी वाकून पाहिलं. खडीवर एक पुंगळी होती. मी ती गालाला लावली. गरम होती.

ती घेऊन डेल्मरकडे गेले. त्याच्या डोळ्याला लावायच्या भिंगातून त्यानं कड पाहिली. तुझ्या बाबांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा काडतुसाच्या कडेवर तिरकी, अर्ध्या नखासारखी खूण करायचा.

"व्हर्लच्या हत्याराची आहे," तो म्हणाला. "पंधरा वर्षं मीच ते साफ केलंय. खाणीत अशा शेकडो पडल्या असतील."

"काळ्या पडलेल्या. ही चकाकते."

"वाळूत घासली गेली असेल."

"गरम होती, डेल्मर."

त्यानं भिंग काढलं. डेल्मरचा चेहरा गंभीर झालेला मी शाळेत असल्यापासून दोनदाच पाहिला आहे. "आर्डिस, ते नवं ठेव. सहा भर, सहा उडव, घरी जा. जुनं आत्ता इथे ठेवून जा."

मी म्हणाले, "महिना झालेला नाही."

"बाई, तू औषधं मोजून देणारी. तुला हे शोभतं का?"

"मी फक्त काय झालं ते सांगितलं," असं म्हणून मी निघाले. जुनं माझ्याच पिशवीत होतं.

तू असतीस तर हसली असतीस. मला हसू येत नाही, पण भीतीही वाटत नाही. खरं सांगायचं तर शनिवारची वाट पाहते. या आठवड्यात बुधवारीही गेले.

आई


१६ मे

प्रिय कॉरिन,

तुझं पत्र आलं. हाताचा कागदही. तुझं मधलं बोट त्यांच्यासारखंच थोडं वाकडं आहे, हे मी विसरले होते. तू थडग्यांवर फुलं वाहायच्या सोमवारी येणार, हे वाचून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. मागच्या दाराशी लायलॅकला कळ्या आल्या आहेत. तोवर फुलेल.

आणि तू लिहिलं आहेस, "जुनंच ठेव. बाबांच्या जातीचं. आपण दोघी खाणीत जाऊ आणि मी ते हातात धरीन. नवं असेल तर मी कशाला येऊ?"

मी आज सकाळी जुनं डेल्मरला परत दिलं.

आता हे वाचून तू येणार नाहीस, असं होऊ शकतं. तरीही मला सगळं लिहायला हवं, आणि एका दमात लिहायला हवं, नाहीतर थांबेन.

गेल्या काही आठवड्यांत तो सहावा बार जागा बदलू लागला. आधी उजव्या टोकाचा डबा. मग त्याच्या अलीकडचा. मग दगडाखाली पडलेलं एक झाकण. मी डबे दुसरीकडे मांडून पाहिले, तर रिकाम्या दगडावरच टवका उडाला. म्हणजे त्याला डब्याशी काम नव्हतं, त्या जागेशी होतं. मी हे औषधाचा परिणाम पाहावा तसं पाहत होते. तुझे बाबा माझ्यावर गोळी झाडणार नाहीत, याची मला खात्री होती.

काल मी पाच उडवल्या, पुंगळ्या काढल्या आणि रिव्हॉल्व्हर ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवलं. रिकामं. बाजूचं झाकण उघडं. मग डबे मांडायला गेले. पीचचा एक डबा दगडावर ठेवत होते, हात अजून त्यावरच होता. माझ्या मागून बार झाला आणि डबा माझ्या हातातून गेला.

बोटं शाबूत आहेत. बराच वेळ बधिर होती. डब्याला आरपार भोक आहे, माझा अंगठा होता तिथून दोन बोटांवर. मी वळून पाहिलं तेव्हा मागे ट्रक होता, फळी होती, आणि कुणी नव्हतं.

कॉरिन, तो बार मला ओळखीचा होता. तू सात वर्षांची असतानाचा तो बार आहे. तेव्हा मी तिथे नव्हते, पण त्यांनी मला तो इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे असल्यासारखीच आहे.

त्या दिवशी तुम्ही सहा डबे मांडले होते. सहा डबे म्हणून त्यांनी सहा भरल्या. रिकामा खण ठेवला नाही. गारांचे ढग येत होते, घाई होती. तू एक पडलेला डबा परत उभा करायला धावलीस, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवायला फळीकडे वळवलं, आणि घोडा फळीच्या लोखंडी कडेवर आपटला. त्यांनी चाप ओढला नव्हता. नेम धरला नव्हता. त्यांनी तुझ्याकडे पाहिलंही नव्हतं. गोळी गेली आणि तुझ्या हातातला पीचचा डबा उडाला.

तू वळलीस आणि टाळ्या वाजवत म्हणालीस, "बाबा, परत करा!"

ते ट्रकच्या मागे गेले आणि त्यांना उलटी झाली. तुला त्यांनी सांगितलं की दुपारचं सॉसेज बाधलं. त्या संध्याकाळी ते नळाखाली हात धूत राहिले, पुसायचं विसरले, आणि जमिनीवर पाणी ठिबकत असताना त्यांनी मला हे सांगितलं. म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती खूष आहे. सगळ्या गावाला सांगत सुटलीय. तिला खूष राहू दे."

तू शाळेत ते सांगितलंस. लग्नात सांगितलंस. दर वेळी ते खाली पाहायचे आणि लोकांना वाटायचं विनयानं पाहतात.

ते रिव्हॉल्व्हर विकायला त्यांचं मन झालं नाही. "विकलं तर दुसऱ्या कुणाच्या पोरीसमोर जाईल," म्हणायचे. म्हणून आयुष्यभर पाच भरून स्वतःच वापरलं, आणि शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "माझ्याबरोबर पेटीत घाल. कॉरिन मागेल. देऊ नकोस." मी दिलं नाही.

मला वाटायचं की मी एक खण रिकामा ठेवते म्हणून ते येतात, आणि मला ते आवडायचं. आता मला वाटतं, ते मला भेटायला येत नव्हते. त्यांची ती एक गोळी अजून संपलेली नाही. आणि त्या दगडापाशी तुझा हात असावा, हे मला नको आहे.

नवं इथे आहे. मूठ तुझ्या कागदावर ठेवून पाहिली, बसते. तू ये किंवा येऊ नकोस. पण आलीस तर हे जाणून ये.

आई


३० मे

प्रिय कॉरिन,

तुझी बस गेली आणि मी दुकानात परतले. दिवसभर लोकांना गोळ्या मोजून दिल्या. एक बाई दोनदा म्हणाली, "आर्डिस, बरं आहे ना?"

तू आलीस याबद्दल मी आभार मानले नाहीत. आता मानते.

मी लिहिलेल्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. रविवारी नाही, सोमवारी सकाळी नाही. आपण कॉफीच्या डब्यांना चांदीचा कागद गुंडाळला, लायलॅक भरलं, थडग्याशी गेलो. शेजारच्या थडग्यावर कुणी प्लास्टिकची फुलं ठेवली होती, त्यावर तू म्हणालीस, "बाबांनी ही रस्त्यात पाहिली असती तर ग्रेडरनं बाजूला लोटली असती." मला वाटलं, आता ही विचारील. तू एवढंच म्हणालीस, "तो पीचचा डबा होता."

"हो."

"मला वाटायचं बीन्सचा होता."

मग तू ट्रकची किल्ली मागितलीस. मी म्हणाले, खाणीत जायची गरज नाही. तू म्हणालीस, "माझ्या हाताचं माप घेऊन तू ते निवडलंस ना? मग चल."

तू सुरेख नेम धरतेस. तुझ्या हाताला ती मूठ खरंच बसते. सहातले चार. शेवटी मी तुला माशी वर सरकते आहे असं सांगितलं, तर तू म्हणालीस, "आई, तुझा दुसरा चष्मा कुठला ते आधी ठरव." मला त्या दुपारी काही वेळ सगळं विसरायला झालं. म्हणूनच तू "मी मांडते डबे" म्हणत दगडाकडे गेलीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. माझं लक्ष झाकण उघडून पुंगळ्या काढण्यात होतं. तू दगडापाशी पोचलीस, वाकलीस, आणि माझ्या लक्षात आलं.

नवं माझ्या हातात होतं, उघडं आणि रिकामं. तिथे दुसरं हत्यार नव्हतं. असं असूनही माझ्या डाव्या बाजूनं, एका हाताच्या अंतरावरून, घोडा ओढला गेला. चारही टिचक्या. सावकाश. जुन्या जातीचा आवाज.

 पाय उचलले गेले, एवढं आठवतं. मी त्या आवाजाच्या आणि तुझ्या मधे जायला निघाले होते.

तू वळली नाहीस. हात डब्यावरच होता. आणि तू म्हणालीस, मोठ्यानं नाही, रोजच्यासारखं, "थांबा बाबा. हात आहे माझा तिथे."

त्यानंतर जे ऐकलं ते तुला सांगायला हे पत्र लिहिते आहे, कारण तू दूर होतीस आणि तो आवाज अगदी बारीक होता. घोडा पडू न देता अंगठ्यानं धरून हळूहळू खाली टेकवतात, तो आवाज. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला ते शिकवलं होतं. दुसऱ्या हातानं झेलायचं नाही, घाई करायची नाही, धातूला धातू टेकेपर्यंत अंगठा सोडायचा नाही. तो अंगठा शेवटपर्यंत सुटला नाही.

बार झाला नाही.

तू पडलेले डबे मांडलेस, हात झाडलेस आणि परत आलीस. मला म्हणालीस, "मधे का येऊन उभी राहिलीस? गोळी घालीन चुकून." तुझा चेहरा पांढरा होता. मी म्हणाले, ऊन डोळ्यावर येत होतं. आपण दोघींनीही आकाशाकडे पाहिलं. ढग होते.

गाडीत तू काही बोलली नाहीस, मीही नाही. आपल्या घरात कुणी बोलत नाही. पण मला एक विचारायचं आहे, आणि उत्तर एका शब्दाचं चालेल. तू लहानपणची सवय म्हणून ते बोललीस, की तुलाही टिचक्या ऐकू आल्या?

ऐकू आल्या नसतील तर तसंच लिही. मी खाणीत जाईन, सहा भरीन, सहा उडवीन आणि घरी येईन.

आई